सुट्टीतलं घरगुती वाइन टेस्टिंग : आधी कागदावर, मग तोंडी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घर भरलेलं असतं. जावई नाशिकहून येताना दोन बाटल्या घेऊन येतो, परदेशातून सुट्टीला आलेली भाची विमानतळावरच्या दुकानातून एक आणते, शेजारचे मित्रही रिकाम्या हातानं येत नाहीत. संध्याकाळी एकेक बाटली उघडली जाते. "छान आहे", "जरा आंबटच आहे, नाही?" एवढं बोलणं होतं आणि गप्पा दुसरीकडे वळतात. बाटल्या संपतात, पण कुणाला काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय आणायचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याच बाटल्या, तीच माणसं आणि थोडीशी तयारी एवढ्यावर घरात उत्तम टेस्टिंग होऊ शकतं. त्यासाठी वाइनचा अभ्यास लागत नाही की महागडे ग्लास लागत नाहीत. दोन नियम मात्र पाळावे लागतात. बाटली झाकलेली हवी आणि प्रत्येकानं बोलण्याआधी आपलं मत लिहिलेलं हवं. बाकीच्या सूचना आपापल्या सोयीनं बदलाव्यात. हे दोन नियम सुटले, तर गुण वाइनला पडत नाहीत. ते लेबलला आणि बाटली आणणाऱ्या माणसाला पडतात.

बाटली झाकायची कशासाठी

किंमत कळली की चव बदलते, आणि हे प्रयोगानं सिद्ध झालं आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीनं वाइनचे घोट दिले. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलर ऐकल्यावर लोकांनी तिला जास्त गुण दिलेच, शिवाय मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही जास्त चेतवला गेला. म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना ती वाइन खरोखरच जास्त आवडत होती. किंमत न सांगता तीच वाइन दिली तेव्हा हा फरक उरला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लेबल झाकून केलेल्या सहा हजारांहून जास्त चाचण्या तपासल्या होत्या. वाइनचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा किंचित कमीच आवडल्याचं त्यात दिसलं.

रंगही असाच फसवतो. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग मिसळून दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला.

झाकलेल्या बाटल्यांची सर्वांत गाजलेली गोष्ट पॅरिसची आहे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पर्रिअर या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं फ्रान्समधल्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या वाइन शेजारी शेजारी ठेवल्या. नऊ फ्रेंच परीक्षकांनी २०पैकी गुण दिले. पांढऱ्यांत शातो माँटेलिना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप, अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्याच १९७३च्या वाइन पहिल्या आल्या. लेबलं दिसत असती, तर हा निकाल लागणं अशक्य होतं. भारतीय वाइन अजूनही याच अडचणीत आहे. परदेशी बाटलीकडे आदरानं बघणारा माणूस नाशिकच्या बाटलीचा पहिला घोट शंका घेऊनच घेतो. ती शंका काढून टाकायला एक वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँड पुरतो.

झाकताना एक काळजी घ्या. बाटलीच्या आकारावरूनही अंदाज येतो. कॅबरने सॉव्हिन्यॉची बाटली बहुधा चौकोनी खांद्यांची असते, शार्डोनेची उतरत्या खांद्यांची. झाकण फिरकीचं आहे की बूच आहे, यावरूनही सुगावा लागतो. म्हणून सर्वांत चांगलं म्हणजे एकानं स्वयंपाकघरातच ग्लास भरावेत आणि फक्त क्रमांक बाहेर पाठवावेत. ज्याला आज प्यायचं नाही त्याच्याकडे हे काम आनंदानं सोपवावं.

बोलण्याआधी लिहा

मराठी घरात मोठ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं आणि ते असायलाही हवं. पण टेस्टिंगच्या टेबलावर ते वजन आड येतं. थोरल्या काकांनी एक घोट घेऊन "ही काही खास नाही" म्हटलं, की त्या वाइनचं नशीब ठरतं. ज्या पुतणीला ती मनापासून आवडलेली असते, तीही मान डोलावते. नव्या सुनेचं तर विचारायलाच नको. सासरच्या माणसांसमोर वाइनचा ग्लास हातात धरायचा एवढंच तिला पुरेसं अवघड असतं, त्यात सासऱ्यांहून वेगळं मत कुठून सांगणार? बाटली जावईबापूंनी आणलेली असेल, तर तिला नावं ठेवणं कुणालाच शक्य नसतं.

माझ्या पाहण्यात, व्हिस्कीच्या बाटलीभोवती घरातले पुरुष तेवढे एका खोलीत जमायचे आणि बायका, मुली दुसऱ्या खोलीत असायच्या. वाइननं हे चित्र बऱ्याच घरांत बदललं. तीन पिढ्या एका टेबलावर आल्या आहेत, तर तिन्ही पिढ्यांचं खरं मत कागदावर उतरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी कृती सोपी आहे. प्रत्येकाच्या हातात पेन आणि एक चिठ्ठी. ग्लास पुढे आल्यापासून सगळ्यांचं लिहून होईपर्यंत वाइनबद्दल अक्षर बोलायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही, "अहाहा" म्हणायचं नाही. लिहून झालं की वाचायला सुरुवात वयानं सर्वांत लहान माणसापासून करायची आणि शेवटी घरातल्या ज्येष्ठांकडे जायचं. हा क्रम ठेवला की काकांचा मानही राहतो आणि पुतणीचं मतही.

बाटल्या कोणत्या घ्याव्यात

हाताला लागतील त्या सहा बाटल्या घेऊ नका. लाल, पांढरी, गोड, फसफसणारी अशी सरमिसळ केली, तर कशाची तुलना कशाशी करायची हेच कळत नाही आणि शेवटी प्रत्येकाची "मला रेड आवडते, मला व्हाइट" एवढीच नोंद होते. एक धागा धरावा. सर्वांत सोपा धागा म्हणजे एकच द्राक्ष आणि वेगवेगळे उत्पादक.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही सोय घरबसल्या आहे. वाइनच्या आधुनिक धंद्याची सुरुवात इथे १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंदाजनं केली. त्यांची ओमर खय्याम ही फसफसणारी वाइन परदेशातही गेली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली आणि २००० साली शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यॉ ब्लां या दोन पांढऱ्या वाइन बाजारात आणल्या. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वायनरी उभ्या राहिल्या. आज यॉर्क, व्हॅलोने, सोमा, ग्रोव्हर झाम्पा अशी नावं नाशिक जिल्ह्यात आहेत आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे.

पहिल्या टेस्टिंगसाठी माझी शिफारस नाशिकच्या शेनिन ब्लांची. तीन-चार वेगवेगळ्या वायनरींच्या बाटल्या मिळतात, किमतीही आवाक्यात असतात आणि नवख्यालाही ही वाइन आवडते. त्यात दक्षिण आफ्रिकेची एखादी शेनिन मिसळली तर रंगत वाढते, कारण तिथेही या द्राक्षाची लागवड मोठी आहे. लाल हवी असेल तर शिराझ घ्या. नाशिकची दोन, अकलूजची एक आणि ऑस्ट्रेलियाची एक.

डिसेंबरात पांढरी वाइन निवडण्याला आणखी एक कारण आहे. युरोपात द्राक्षाची तोड साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे द्राक्षबागायतदार वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे वाइनच्या द्राक्षाची तोड जानेवारी ते मार्च या कोरड्या, गार रात्रींच्या दिवसांत येते. यंदाच्या फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन नाताळपर्यंत बाटलीत मुरून, पण ताजी असताना, आपल्या टेबलावर येते. बहुतेक पांढऱ्या वाइन तरुणपणीच प्यायच्या असतात. म्हणून बाटलीवरचं वर्ष बघून घ्या. उन्हाळाभर दुकानाच्या उघड्या फळीवर तापलेली चार वर्षांपूर्वीची शेनिन कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.

ग्लास, माप आणि थंडावा

७५० मिलिलिटरची एक बाटली आणि माणशी ५० मिलिलिटर असा हिशेब धरला, तर एका बाटलीत १५ जणांचं भागतं. म्हणजे आठ-दहा जणांसाठी प्रत्येक वाइनची एकच बाटली पुरते आणि जेवणाबरोबर घ्यायला थोडी उरतेही. एका बैठकीत चार वाइन उत्तम, सहा ही कमाल. त्यापुढे जीभ थकते आणि शेवटच्या ग्लासांवर अन्याय होतो. सहा वाइनचे ५०-५० मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिलिटर, अर्थात हॉटेलात मिळतात तसे दोन भरलेले ग्लास. म्हणून टेबलावर थुंकायला एक झाकणाचं भांडं ठेवा. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण जगभरचे परीक्षक हेच करतात, आणि वाइन गिळली नाही म्हणून तिची चव कमी कळते असं काही नाही.

ग्लास कसेही चालतील, फक्त सगळे सारखे हवेत आणि तोंडाशी थोडे निमुळते असावेत, म्हणजे वास आत साठतो. चाखणीचा जो आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्लास आहे, तो २१५ मिलिलिटरचा, अगदी छोटाच असतो. स्टीलचा पेला मात्र नको, त्यात रंग दिसत नाही.

रेड वाइन सामान्य तापमानाला प्यावी, हा सल्ला गार दगडी घरांत राहणाऱ्या युरोपीय लोकांचा. मुंबईत डिसेंबरच्या संध्याकाळीही खोलीचं तापमान २७-२८ अंश असू शकतं. इतक्या उष्णतेत रेड वाइनमधला अल्कोहोल नाकात झोंबतो आणि फळाचा वास दबतो. तिला १५ ते १८ अंश हवेत. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की काम होतं. पांढरी वाइन दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवून चाखण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढावी. थेट बर्फगार प्यायली तर वासच येत नाही.

आणि खोलीचा वास! संध्याकाळी देवापुढे लावलेली उदबत्ती, स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी, केसांतला गजरा, जावयाचा उंची परफ्यूम, यांपैकी एकही गोष्ट टेस्टिंगला चालत नाही. उदबत्ती तासभर आधी लावून घ्या, खिडक्या उघडा आणि फोडणी नंतर द्या.

बघा, वास घ्या, मग घोट घ्या

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा. पांढरी वाइन जुनी होते तसा तिचा रंग गडद सोनेरी होत जातो, लाल वाइन जुनी होते तशी कडेला विटकरी दिसू लागते. याला फार वेळ देऊ नका. खरं काम नाकाचं आहे.

ग्लास टेबलावरच ठेवून बुडाशी धरून दोन-तीनदा गोल फिरवा आणि नाक आत घाला. आता जे आठवेल ते लिहा. इथेच बहुतेक माणसं अडखळतात, कारण त्यांना वाटतं की वाइनचे वास इंग्रजी पुस्तकातच असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. अतिशय उपयुक्त काम आहे ते. पण त्यातली ब्लॅकबेरी आणि गूसबेरी आपल्यापैकी कितीजणांनी खाल्ली आहे? करवंद, जांभूळ, कैरी, पेरू, कोकम, चिंच, लिची, मध, गूळ, मिरे, लवंग, वेलदोडा, ओली माती, नवा चामड्याचा पट्टा असे शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा. लोकांच्या चिठ्ठ्या भरू लागतात.

आमच्या घरच्या एका बैठकीत नाशिकची सॉव्हिन्यॉ ब्लां होती. वाइनचे अभ्यासवर्ग करून आलेल्या भाच्यानं इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या होत्या. मावशीनं कधी वाइनबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिनं लिहिलं होतं, "पेरू. पिकलेला नाही, हिरवट."

"मावशी, तुला कसं कळलं?" भाच्यानं विचारलं.

"कळायचं काय त्यात? वास येतोय की."

मावशीचं अगदी बरोबर होतं. पेरूत आणि सॉव्हिन्यॉ ब्लांमध्ये गंधकयुक्त सुवासिक संयुगांचा एकच गट असतो. असे दुवे आणखी आहेत. कॅबरने सॉव्हिन्यॉमध्ये कधी कधी ढोबळ्या मिरचीचा वास येतो, कारण पायराझिन हे संयुग दोन्हींत असतं. गेवुर्त्झट्रामिनर या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये लिची आणि गुलाब येतात, तेही एका सामायिक संयुगामुळे. ओकच्या पिंपात राहिलेल्या वाइनला लवंग, व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचे वास त्या लाकडातून मिळतात. शार्डोनेत लोण्याचा वास आला, तर तो जिवाणूंनी तिच्यातल्या आम्लाचं रूपांतर केल्यामुळे येतो.

शिराझची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिच्यात मिऱ्यांचा वास आणणारं संयुग रोटंडोन आहे आणि तेच खऱ्या मिऱ्यांतही आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं. त्यांना असंही दिसलं की चाचणीतल्या साधारण पाचांतल्या एकाला हा वास मुळी येतच नाही, कितीही तीव्र केला तरी. त्यामुळे आत्याला मिरे आले आणि काकांना नाही आले, तर दोघंही खरं बोलत असतात. "नीट वास घ्या, येईल" असं कुणालाही सांगू नका.

एक वास मात्र दोषाचा. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट गोणपाटाचा वास आला, तर बूच खराब झालेलं आहे. हा वास आणणारं संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही वाइन बिघडवतं. अशा बाटलीला गुण देऊ नका, ती बाजूला काढा. बुचाच्या बाटल्या असतील, तर एखादी जास्तीची जवळ असू द्यावी. फिरकीच्या झाकणात हा धोका फारसा नसतो, आणि तरीही फिरकीचं झाकण हलक्या वाइनचं असतं असा गैरसमज टिकून आहे. आपल्या हवामानात ते उलट जास्त भरवशाचं.

आता घोट. तोंडभर फिरवा, थोडी हवा आत ओढा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आम्लता चांगली आहे. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तसं झालं तर ते टॅनिन. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, म्हणून लाल वाइनमध्ये जास्त असतं. गोडी, आम्लता, तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब यांपैकी कुणी एकटं पुढे येतंय का, की सगळं एकमेकांना सांभाळून आहे, ते बघा. शेवटी गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा. चांगल्या वाइनची चव रेंगाळते. मला विचाराल तर दर्जाची ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

गुण द्यायचे कसे

दोन पद्धती जगभर प्रसिद्ध आहेत. २० गुणांची पद्धत डेव्हिसच्या मेनार्ड अ‍ॅमरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये बसवली. तिचा मूळ हेतू वाइनमधले दोष पकडणं हा होता. १०० गुणांची पद्धत अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ साली सुरू केलेल्या आपल्या नियतकालिकातून लोकप्रिय केली. तिच्यात कुठल्याही वाइनला सुरुवातीचे ५० मिळतातच, त्यामुळे ८० म्हणजे फार काही नाही. घरी १००ची पद्धत वापरू नका. आपल्या डोक्यात दहावीच्या गुणपत्रिकेचं माप बसलेलं आहे आणि ६० म्हणजे फर्स्ट क्लास हे काही केल्या निघत नाही.

मी २०चं माप असं वाटतो. रंगाला २, वासाला ६, चवीला ८ आणि रेंगाळण्याला ४. प्रत्येकानं आपापली बेरीज करायची. पण विजेता ठरवताना या बेरजा एकत्र करायच्या नाहीत. कारण समजा, क आणि ख अशा दोन वाइन आहेत आणि पाच माणसं. चौघांनी क ला १४ आणि ख ला १५ दिले. पाचवे गृहस्थ टोकाचे, त्यांनी क ला १९ आणि ख ला ८ दिले. बेरीज केली तर क ला ७५ आणि ख ला ६८, म्हणजे क जिंकली. पाचांतल्या चौघांना ख जास्त आवडली होती, तरी एका माणसानं निकाल फिरवला.

त्यावर उपाय असा. प्रत्येकाच्या गुणांवरून त्याचा स्वतःचा क्रम लावायचा, पहिली, दुसरी, तिसरी. मग सगळ्यांचे क्रमांक मिळवायचे आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती विजेती. वरच्या उदाहरणात ख ची बेरीज ६ येते आणि क ची ९. आता प्रत्येकाचं मत सारख्या वजनाचं झालं. पॅरिसच्या १९७६च्या निकालावरही सरासरी काढल्याबद्दल पुढे हीच टीका झाली. अर्थतज्ज्ञांनी क्रमांकांच्या पद्धतीनं तो पुन्हा मांडला, तेव्हाही लालमध्ये स्टॅग्ज लीपच पहिली राहिली.

विजेत्याइतकंच लक्ष द्यावं अशी दुसरी वाइन म्हणजे जिच्यावर घर दुभंगलं ती. निम्म्यांची पहिली आणि निम्म्यांची शेवटची. तिच्यावर सर्वांत चांगली चर्चा होते, कारण प्रत्येकाला आपल्या आवडीचं कारण शोधावं लागतं.

जमलं तर एक गोष्ट जरूर करा. सहा क्रमांकांपैकी दोन क्रमांकांत एकच वाइन ओता आणि कुणाला सांगू नका. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन एका फेरीत तीनदा दिली. फक्त सुमारे १० टक्के परीक्षकांचे गुण तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीत राहिले. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. घरातल्या कुणी दोन्ही ग्लासांना सारखे गुण दिले, तर त्या संध्याकाळचा खरा मान त्या व्यक्तीचा. कुणालाच ते जमलं नाही, तरी सगळ्यांच्या गुणांकडे किती गंभीरपणे बघायचं हे कळतं.

सोबत काय खायचं

गुण देऊन होईपर्यंत फक्त पाणी आणि साधा पाव किंवा बिनतिखटाची भाकरी. चिवडा, चकली, लोणचं नंतर. मिरचीचा जाळ अल्कोहोलनं आणि टॅनिननं वाढतो, म्हणून तिखट खाऊन शिराझ प्यायली तर ती कडवट आणि जळजळीत लागते. दोष वाइनचा नसतो.

चिठ्ठ्या वाचून झाल्या, बाटल्यांवरचा कागद निघाला की ताटं मांडावीत. कांदाभजी आणि फसफसणारी वाइन यांचं फार जमतं, तेल आणि मीठ तिच्या आंबटपणानं हलकं होतं. सॉव्हिन्यॉ ब्लांबरोबर कोथिंबीर वडी. तिखट कोळंबीबरोबर किंचित गोडसर शेनिन, कारण गोडी तिखटाला शांत करते. मटणाचं सुकं कमी तिखट केलं असेल तरच शिराझ काढा. पुरणपोळी, गुलाबजाम यांच्याबरोबर कोरडी वाइन अजिबात नको, ती पाणचट आणि आंबट लागते.

न पिणारे, गाडी चालवणारे आणि उरलेली बाटली

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट म्हटलं आहे की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा वाइन हृदयाला चांगली असते असं सांगून कुणाला आग्रह करू नका. ज्यांना नको त्यांच्यासाठी कोकम सरबत, द्राक्षाचा रस ठेवा. त्यांनी नुसता वास घेऊन मत लिहिलं तरी चालतं, आणि पुष्कळदा त्यांची नाकं जास्त तीक्ष्ण निघतात. गरोदर बायका, औषधं चालू असलेले ज्येष्ठ आणि मुलं यांना घोटभरही नको. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून घ्यावा. गाडी चालवणाऱ्यानं एक थेंब घेऊ नये. थुंकतानाही थोडा अल्कोहोल पोटात जातोच.

उरलेली वाइन, लाल असो की पांढरी, झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. पांढरी आणि लाल दोन-तीन दिवस चांगल्या राहतात, फसफसणारी दुसऱ्या दिवशीच संपवावी. आणि चिठ्ठ्या टाकून देऊ नका. प्रत्येक क्रमांकापुढे वाइनचं नाव, वायनरी, वर्ष आणि किंमत लिहून त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या सुट्टीत दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला विचारण्याआधी ते उघडून बघा.